कळ वर सरकली पाहिजे

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी सहाला, दारासमोरचा बर्फ फावड्याने उपसून बाजूला टाकताना माझ्या कमरेत चमक भरली. दोन दिवस कंबर धरून बसले. तिसऱ्या दिवशी कंबर मोकळी झाली आणि वाटलं, सुटले. पण कळ डाव्या कुल्ल्यात उतरली होती. मग मांडीच्या मागून पोटरीत, आणि आठवडाभरात थेट पायाच्या करंगळीपर्यंत. शिंक आली की कमरेपासून तळव्यापर्यंत वीज सळसळायची. ओट्यापाशी पोळ्या लाटताना डावी टाच उचलून उभी राहायचे, कारण पाय पूर्ण टेकला की नस ताणली जायची.

त्या तिसऱ्या दिवशी मला जे कळायला हवं होतं ते आधी सांगते. कंबर दुखायची थांबली आणि दुखणं पायात खाली गेलं, तर ते बरं होत नसतं, वाढत असतं. आणि पायातली कळ वर सरकून पुन्हा कमरेत गोळा झाली, कंबर थोडी जास्त दुखली तरी, ती बहुतेक वेळा बरं होण्याची खूण असते. कमरेतून पायात उतरणाऱ्या या कळेला सगळे सायटिका म्हणतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

मी मूळची विट्याची. नवरा पुण्यात मगरपट्ट्याला जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीत होता, बदली होऊन अमेरिकेत मोलीनला आला आणि मिसिसिपीच्या अलीकडच्या काठावर, आयोवातल्या डेव्हनपोर्टला आम्ही घर घेतलं. हे कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे मणक्यांवर हाताने दाब देऊन करायच्या उपचारांचं, जन्मगाव. १८९५ च्या सप्टेंबरात डी. डी. पामर यांनी इथे हार्वी लिलार्ड यांच्या पाठीतला मणका दाबला आणि त्यांचा बहिरेपणा गेला, अशी कथा सांगतात. पामरांनी १८९७ मध्ये काढलेलं कॉलेज आजही ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर आहे. बहिरेपणाच्या कथेवर माझा विश्वास नाही, कानाची नस पाठीतून जात नाही. पण कमरेतून पायात जाणाऱ्या दुखण्यावर हे उपचार किती उपयोगी पडतात याची नीट चाचणी झालेली आहे, आणि तीही मिनेसोटात आणि इथे आयोवात. २०१४ मध्ये ती 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. किमान ४ आठवडे असं दुखणं असलेले १९२ जण. निम्म्यांना १२ आठवडे घरचे व्यायाम आणि सल्ला, निम्म्यांना तेच आणि वर मणक्यांवर हाताने केलेले उपचार. १२ आठवड्यांनी दुसऱ्या गटाचं पाय दुखणं जास्त कमी झालं होतं. वर्षभराने मात्र पायाच्या दुखण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक राहिला नव्हता, फक्त दुसऱ्या गटातले लोक गोळ्या कमी घेत होते आणि जास्त समाधानी होते.

मी याचा अर्थ असा लावला: हाताचे उपचार पहिले तीन महिने सुसह्य करतात, तेवढ्यात व्यायाम अंगवळणी पडायला हवा.

कोणाकडेही जाण्याआधी

लघवी अडली, किंवा नकळत होऊ लागली. शौचावरचा ताबा गेला. सायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तो बधीर झाला. दोन्ही पायांतली ताकद जायला लागली. यातलं एकही असेल तर कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओ नाही, थेट मोठं हॉस्पिटल, आणि रात्र असली तरी तेव्हाच. कण्याच्या तळाशी नसांचा जो झुबका असतो तो दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे प्रश्न तासांचा असतो.

पाऊल वर उचलत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, अंगठा वर होत नाही, असं असेल तरी आधी तज्ज्ञ डॉक्टर. ताप, रात्री झोपल्यावर वाढणारं दुखणं, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी कधी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, बरेच दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हे सगळं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षयही विसरून चालत नाही. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल तर तिला तेल लावून चोळू नका, तिच्यात रक्ताची गुठळी असू शकते.

एका नावाची दोन दुखणी

आईला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मलाबी तेच हाय, सायटिका. डॉक्टर म्हणाले गॅप आलाय." आई ७४ वर्षांची. मी तिला माझे व्यायाम शिकवणार होते. बरं झालं, त्याआधी तिला चार प्रश्न विचारले.

मला बसलं की दुखायचं, चाललं की बरं वाटायचं. तिला चाललं की पाय भरून यायचे, जड व्हायचे, आणि कुणाच्या तरी पायरीवर बसलं की दोन मिनिटांत मोकळे. मला पुढे वाकलं की कळ यायची. तिला पुढे वाकलं की आराम पडायचा, भाजीच्या गाड्याला रेलून ती कितीही वेळ उभी राहू शकायची. मला एका पायात, तिला दोन्ही पायांत.

माझी गादी सरकली होती. दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट कड्यांचं आवरण आणि आत मऊ गर. वाकून, वजन उचलून, त्याच झटक्यात कंबर वळवली की आवरणावर सर्वांत वाईट ताण येतो, आणि बर्फ उपसताना माणूस नेमकं हेच शंभर वेळा करतो. त्यातून सकाळची वेळ. रात्रभर आडवं राहिल्यावर गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्यावरच्या पहिल्या तासात वाकणं जास्त धोक्याचं. पहाटे उठून वाकून अंगण झाडणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायकांना हे मी आवर्जून सांगते. पायात कळ असेपर्यंत सूर्यनमस्कारही सकाळी उठल्या उठल्या घालू नका.

आईचं दुखणं वेगळं. वयाप्रमाणे सांधे जाड होतात, कण्यातली नसांची वाट अरुंद होते. ताठ उभं राहिलं की ती आणखी आवळते, वाकलं की उघडते. माझा मुख्य व्यायाम पाठ मागे वाकवण्याचा. तो तिला दिला असता तर तिचे पाय अजून भरून आले असते.

तिसरा प्रकारही आहे. कुल्ला आणि मांडीपर्यंतच येणारं, ठणकणारं, बोटाने नेमकं दाखवता न येणारं दुखणं. ते बहुधा मणक्यांच्या सांध्यांतून किंवा स्नायूंतून येतं, नस दाबलेली नसते. गुडघ्याखाली उतरणारी, रेघ ओढावी तशी कळ, सोबत मुंग्या किंवा बधीरपणा, ही नसेची भाषा. दोन्ही तळव्यांची आग आग होत असेल तर आधी साखर तपासा. आणि चालल्यावर पोटरीत पेटका येऊन नुसतं उभं राहिल्याने जात असेल, बसावंही लागत नसेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या दाखवून घ्या.

तपासणी, आणि मी गमावलेले तीन आठवडे

पहिल्यांदा मी घराजवळच्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेले. त्यांनी माझा एक्स-रे काढला, डावा पाय आखूड आहे असं सांगितलं आणि ४० भेटींचं पॅकेज समोर ठेवलं, आगाऊ पैसे भरले तर सवलत. माझे पायमोजेही काढायला लावले नाहीत. घोट्यावर हातोडी मारून पाहिली नाही, व्यायामाचा शब्द नाही. मी तीन आठवडे गेले, कळ करंगळीतच राहिली. याचा राग मला अजून येतो, कारण तेव्हा मला प्रश्न विचारता येत नव्हते. तुम्ही विचारा.

दुसऱ्यांदा आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नाव सुचवलं. त्या बाईंनी पहिल्या भेटीत पाऊण तास हातही न दाबता नुसतं तपासलं. टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. डाव्या चवड्यावर माझी टाच दहाव्या वेळेला उचलेना. गुडघ्यावर, घोट्यावर हातोडी मारली, डाव्या घोट्याचा झटका मंद होता. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलला, ४० अंशांवरच पोटरीत कळ. पावलाची बाहेरची कड कापसाने स्पर्शून पाहिली. मग सांगितलं: कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड, यांच्यामधल्या गादीमागून खाली जाणारी नस दुखावली आहे. ती करंगळीकडे जाते आणि टाच उचलायला लावते. तिच्या वरची नस असती तर पावलाच्या वरच्या बाजूला बधीरपणा आला असता आणि अंगठा उचलायला जड गेलं असतं. त्याच्याही वरची असती तर नडगीच्या आतल्या बाजूला, आणि गुडघ्यात जोर राहिला नसता.

मी एमआरआयचं विचारलं. त्या म्हणाल्या, ताकद आणखी कमी झाली नाही तर सहा आठवडे थांबू. फुगलेली गादी तर काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते, विशीत साधारण ३० टक्के लोकांत, पन्नाशीत ६० टक्क्यांत. फोटोत गादी दिसली की माणूस घाबरतो आणि हालचाल बंद करतो. शिवाय बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत शरीर हळूहळू शोषून घेतं.

तुमच्या पहिल्या भेटीत हे झालंच पाहिजे: पायांची ताकद, हातोडी, स्पर्श, पाय उचलून पाहणं. हे न करता कुणी मणक्याला हात घालत असेल तर उठून या. "किती भेटींनंतर फरक पडला नाही तर तुम्ही मला पुढे पाठवाल?" हा प्रश्न विचारा. मला उत्तर मिळालं, सहा. दमा, मधुमेह, लहान मुलांची कानदुखी, सगळं मणक्यातून बरं करतो म्हणणाऱ्याकडे पायाची कळ घेऊन जाऊ नका.

आणि तुम्ही त्यांना सांगायचं ते: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ असल्याचा रिपोर्ट, गरोदरपण, कमरेचं जुनं ऑपरेशन. ठिसूळ हाडांवर झटका देऊन उपचार करत नाहीत.

टेबलावर

पहिले तीन आठवडे कट्‌ असा आवाजही झाला नाही. पालथं झोपायचं असं एक टेबल, ज्याचा कमरेखालचा अर्धा भाग खाली झुकतो. त्या एक तळहात कमरेच्या मणक्यावर ठेवत आणि दुसऱ्या हाताने टेबल हळूहळू खाली-वर करत. मणक्यांमध्ये जरा फट पडल्यासारखं वाटायचं. दर चार-पाच झोक्यांनी विचारत, "कळ कुठे आहे?" खाली गेली म्हटलं की कोन बदलत.

तुम्ही विचाराल, वाकलं की वाढणाऱ्या दुखण्यात हे टेबल कसं चालतं? मीही विचारलं होतं. बसून वाकताना गादीवर धडाचं सगळं वजन येतं. पालथं असताना ते वजन नसतं, आणि टेबल ओढही देत असतं.

चौथ्या आठवड्यापासून कुशीवर वळवून, वरचा गुडघा वाकवून, छोटा आणि झटपट दाब. तेव्हा आवाज आला. तो हाड बसल्याचा आवाज नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होताना होतो. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असंही नाही. त्यानंतर एक-दोन दिवस अंग आंबल्यासारखं दुखतं, ते चालतं. पण पायात नवा बधीरपणा आला किंवा जोर कमी झाला तर पुढची भेट थांबवून आधी कळवायचं.

मानेला मात्र हात लावू देऊ नका. पायाच्या कळेसाठी मान मोडायचं काही कारण नाही, आणि मानेच्या झटक्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचा धोका क्वचित का होईना, असतो. टॉवेल गळ्यात अडकवून ओढण्याचे व्हिडिओ पाहून हौसेने जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, जाऊ नका.

आठवड्यातून दोनदा तीन आठवडे, मग एकदा. एकूण १४ भेटी झाल्या. माझ्या विम्यात दर भेटीला ३० डॉलर खिशातून जात. इथे बऱ्याच विम्यांत वर्षाला किती भेटी चालतील याची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या.

वही

मुलीची जुनी वही घेतली. रोज रात्री पाठमोऱ्या पायाचं चित्र काढायचं आणि त्या दिवशी कळ जिथवर पोचली तिथे रेघ मारायची. बाजूला दोन आकडे: किती मिनिटं बसू शकले, किती मिनिटं चालू शकले.

दुखणं दहापैकी किती, हे मी लिहून पाहिलं होतं, पण तो आकडा मूडवर हलतो. रेघ हलत नाही. नवव्या दिवशी रेघ करंगळीवरून घोट्यावर आली. सोळाव्या दिवशी पोटरीच्या मध्यावर. एकविसाव्या दिवशी कंबर इतकी दुखली की मी रडकुंडीला आले, पण वहीत पाहिलं तर पोटरी कोरी होती. वही नसती तर मी त्या दिवशी व्यायाम सोडले असते.

मग आम्ही गाडीने शिकागोला डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला किराणा आणायला गेलो, तीन तास जाणं, तीन तास येणं, आणि रेघ परत घोट्यावर. तेव्हापासून गाडीत दर पाऊण तासाने थांबते, उतरते, दोन मिनिटं चालते. तांदळाची पोती नवरा उचलतो.

घरी

सरकलेल्या गादीसाठी, म्हणजे वाकलं-बसलं की वाढणाऱ्या कळेसाठी:

पालथं पडा, दोन मिनिटं नुसतं. मग कोपरांवर. कळ खाली जात नसेल तर तळहात टेकून छाती वर उचला, कंबर आणि ओटीपोट सैल, जमिनीलाच. दहा वेळा, दिवसातून चार-पाच वेळा. भुजंगासनासारखं दिसतं, पण यात पाठीचा जोर लावायचा नाही, फक्त हातांचा. प्रत्येक दहानंतर पाहायचं, कळेचं खालचं टोक कुठे आहे. वर सरकलं, पुढे चला. खाली उतरलं आणि तिथेच राहिलं, थांबा आणि तपासणाऱ्याला सांगा. हा नियम कुठल्याही व्यायामाला लागू आहे, शेजारणीने सांगितलेल्यालाही.

खुर्चीवर ताठ बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली, असं हळू दहा-पंधरा वेळा. नस ताणायची नाही, नुसती सरकवायची. पायात ओढ सुरू होते त्याच्या अलीकडेच थांबायचं. हे मी तिसऱ्या आठवड्यात सुरू केलं, कळ ताजी असताना नाही.

चालणं सपाट रस्त्यावर, दहा-दहा मिनिटं तीन वेळा. आमच्याकडे जानेवारीत बाहेर घसरायची भीती, मी मॉलमध्ये चालायचे. पाचव्या आठवड्यापासून सेतुबंधासन, आणि हात-गुडघे टेकून उजवा हात-डावा पाय उचलून धरणं.

बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने अंग उचला. शिंक येतेय असं वाटलं की ताठ उभं राहून एक हात भिंतीला किंवा ओट्याला. मांडी घालून बसणं सहा आठवडे बंद, पूजेलाही मी पाटाऐवजी खुर्चीवर बसले. बर्फ आता उचलून फेकत नाही, ढकलत नेते, आणि वळायचं झालं तर पावलं वळवते.

बाराव्या आठवड्यात रेघ कुल्ल्याच्या वर होती. चवड्यावर पंचवीस वेळा टाच उचलता आली. करंगळीचा बधीरपणा मात्र जुलैपर्यंत राहिला, बधीरपणा सर्वांत शेवटी जातो, त्याने घाबरू नका.

देशात असाल तर

इथे कायरोप्रॅक्टरला कॉलेजची काही वर्षं झाल्यावर साधारण चार वर्षांचं शिक्षण आणि राज्याचा परवाना लागतो. भारतात त्यांच्यासाठी वेगळी सरकारी नोंदणी नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं. पुण्या-मुंबईत कुणाकडे जाणार असाल तर पदवी कुठल्या कॉलेजची ते विचारा. नाहीतर हाताने मणक्यांवर उपचार करायला शिकलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे होते, नंबर मागायला संकोच नको. हाडवैद्याकडे अंगठा पिळून "नस बसवून" घेऊ नका, विशेषतः वय झालेल्या माणसांनी.

आईला सांगलीच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिचं हाड ठिसूळ निघालं, म्हणून झटके नाहीत. उताणं झोपून गुडघे छातीशी, खुर्चीत बसून पुढे वाकणं, आणि जागेवरची सायकल, कारण सायकलवर माणूस वाकलेलाच असतो. तिच्या वहीत पायाचं चित्र नाही. तिच्या दुखण्याचं माप वेगळं, पाय भरून येण्याआधी किती चाललं ते. घरापासून बाजारापर्यंत विजेचे खांब आहेत. पहिल्या दिवशी चौथ्या खांबाशी तिला बसावं लागलं. पाय भरून यायच्या आत, एक खांब आधीच, थांबून थोडं वाकून घ्यायचं आणि पुन्हा निघायचं, हे तिला शिकवलं. दर रविवारी फोन आला की आधी खांब सांगते. परवा अकरावा होता.